आधी सेल्टा की आधी नोकरी? परदेशात इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या एका पुणेकर शिक्षिकेचं वेळापत्रक

हे प्रकरण एकीचं म्हणून लिहिलं आहे, पण असाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेल्या दोघी-तिघींचे तपशील त्यात मिसळले आहेत. ओळख पटू नये हा हेतू तर आहेच; शिवाय सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडली होती. परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं ठरलं, तर प्रशिक्षण, म्हणजे सेल्टासारखा इंग्रजी शिकवायला शिकवणारा कोर्स, नेमकं केव्हा घ्यायचं?

मुलगी, क्लास आणि दिवाळी ऑफर

२०२२ च्या दिवाळीनंतर ती आली. वय २६, राहणार कर्वेनगर. शाळा सेमी-इंग्रजी, मग पुणे विद्यापीठातून इंग्रजी घेऊन बी.ए. आणि एम.ए. सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये ती स्पोकन इंग्लिशच्या बॅचेस घेत होती. विद्यार्थी म्हणजे एमपीएससीचा नाद सोडून नोकरी शोधणारी मुलं, हिंजवडीत चांगली नोकरी असूनही क्लायंटच्या कॉलवर तोंड न उघडणारे इंजिनीअर, आणि दुपारच्या बॅचला अमेरिकेतल्या नातवंडांशी बोलता यावं म्हणून येणाऱ्या दोन आज्या. शिकवण्यात हात चांगला होता. हे मी तिची बॅच मागे बसून बघितली होती म्हणून सांगते.

तिने फोनवर एक जाहिरात दाखवली. १२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून कशी शिकवायची त्याचा, दिवाळीनिमित्त काही हजारांत. "मॅडम, आत्ताच करून ठेवू का? कागद हातात असलेला बरा." हे शेवटचं वाक्य तिच्या आईचं होतं. आई बरोबर आली होती आणि तिची स्वतःची एक पुस्तीही होती: "स्थळं बघायला सुरुवात केली आहे. जे काय करायचं ते एकदा ठरू दे, मॅडम." भावाचं म्हणणं आणखी वेगळं. तो आयटीत, त्याला सर्टिफिकेशनची सवय. "आधी कर, मग आपोआप दारं उघडतात," असं त्याने तिला सांगितलं होतं.

या जाहिरातींतल्या १२० तासांबद्दल एक खुलासा करते, कारण या आकड्याला बरेच जण भुलतात. केंब्रिजच्या सेल्टा या कोर्समध्ये किमान १२० तास प्रशिक्षकांच्या संपर्कात घालवायचे असतात. त्यातले ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना, किमान दोन वेगळ्या पातळ्यांवर, परीक्षकाच्या नजरेखाली शिकवायचं असतं. शिवाय अनुभवी शिक्षकांचे तास बघायचे आणि चार लेखी असाइनमेंट द्यायच्या. आकडा तोच ठेवून स्वस्तातल्या ऑनलाइन कोर्सनी आतला माल बदलला. व्हिडिओ बघा, बहुपर्यायी प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र छापून घ्या. त्यात एकदाही कुणाला शिकवावं लागत नाही. टेफल या नावावर कुणाचा मक्ता नाही, त्यामुळे कुणीही कोर्स काढू शकतो. काही ठिकाणी असलं प्रमाणपत्रही चालून जातं. तिला जायचं होतं तिथे चालत नव्हतं.

अर्थात कुठे जायचं होतं हे तिला तरी कुठे माहीत होतं?

पासपोर्ट निळा आहे

पहिल्या भेटीत मी कोर्सचा विषय बाजूला ठेवला आणि देशांची यादी करायला लावली. कोरिया, जपान, चीन, थायलंड, व्हिएतनाम, दुबई. यूट्यूब बघून कुणीही हीच यादी करेल. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचे असतात, आणि पासपोर्टचा विषय त्यांना काढावाच लागत नाही.

कोरिया पहिल्या फटक्यात गेला. तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारत-कोरिया आर्थिक करार २०१० मध्ये लागू झाला, त्यात सरकारी शाळांत सहायक शिक्षक म्हणून भारतीयांसाठी एक फट आहे. पण तिथे शिक्षकी परवाना मागतात, म्हणजे आपल्याकडचं बी.एड. ते तिच्याकडे नव्हतं.

जपानचं तिला जास्त लागलं. शाळेत परकी भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. सेमी-इंग्रजी म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. ज्युनिअर कॉलेजची दोन आणि बी.ए.-एम.ए.ची पाच धरली तरी बारा भरत नाहीत. "माझ्या इंग्रजीत काय कमी आहे?" तिने विचारलं. काहीच कमी नव्हतं. नियमाला तिचं इंग्रजी दिसत नाही, शाळेचा दाखला दिसतो. चीनमध्येही पात्रता इंग्रजीभाषक देशांच्या पासपोर्टभोवतीच फिरते. घरबसल्या चिनी मुलांना ऑनलाइन शिकवायचा एक मार्ग होता, तो २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर निर्बंध आणले तेव्हा बंद झाला.

दुबईचं नाव यादीत आलं ते वहिनीच्या बहिणीमुळे. ती तिकडे सीबीएसई शाळेत आहे. आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलमध्ये सुरू होतं, शिक्षकांच्या मुलाखती त्याआधीच्या हिवाळ्यात होतात, आणि तिथे सेल्टाला कुणी विचारत नाही, बी.एड. लागतं. आईचं म्हणणं लगेच फिरलं: "मग बी.एड.च कर की!"

हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. महाराष्ट्रात बी.एड. म्हणजे आधी सीईटी, मग पावसाळाभर लांबणारी प्रवेश प्रक्रिया आणि पुढे दोन वर्षं. पण हातात आल्यावर ते इथेही चालतं आणि आखातातल्या शाळांतही. शाळेतल्या मुलांना शिकवायचं असेल तर माझं मत सरळ आहे: सेल्टाचे पैसे वाचवा आणि बी.एड. करा. सेल्टा हा मुळात शिक्षकी पदवीला पर्याय म्हणून निघालेला कोर्स नव्हेच. लंडनच्या इंटरनॅशनल हाउसमध्ये जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९६२ मध्ये दोन आठवड्यांचा एक वर्ग काढला. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायला निघालेल्यांची झटपट तयारी करून घ्यायची, एवढाच त्याचा हेतू होता. आजच्या सेल्टाची वंशावळ तिथून सुरू होते, आणि प्रौढांना शिकवणं हाच अजून त्याचा गाभा आहे.

तिचं उत्तर ठाम होतं. "मॅडम, मला शाळेतली पोरं सांभाळायला नाही जमत. मोठी माणसं बरी." त्यामुळे बी.एड. बाजूला पडलं, निदान तेव्हापुरतं.

राहिले थायलंड, व्हिएतनाम, आणि यादीत नसलेला ओमान. ओमानचं नाव मी घातलं. तिथे पदवीचं बरंचसं शिक्षण इंग्रजीतून चालतं आणि शाळेतून येणाऱ्या मुलांचं इंग्रजी तेवढं पक्कं नसतं. म्हणून पदवीआधी फाउंडेशन प्रोग्रॅम असतो: इंग्रजी, गणित, संगणक, अभ्यासाची कौशल्यं. त्यातल्या इंग्रजीसाठी बाहेरून शिक्षक घेतात, त्यात भारतीय पुष्कळ. एम.ए. इंग्रजी, कॉलेज पातळीवर शिकवल्याचा अनुभव आणि सेल्टासारखं प्रमाणपत्र एवढं साधारण मागतात. एम.ए. होतं. बाकीच्या दोन गोष्टी आधी कुठली आणि नंतर कुठली, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

घड्याळ केव्हा सुरू होतं

नोकरीच्या जाहिराती ती वाचत होती, पण वरवर. मी तिला एका जाहिरातीतली एकच ओळ मोठ्याने वाचायला लावली. मागणी दोन वर्षांच्या अनुभवाची होती, आणि तो अनुभव प्रमाणपत्र मिळाल्यानंतरचा हवा होता.

"म्हणजे आतापर्यंतचं शिकवलेलं गेलं?" गेलं नाही, वर्गात उभं राहायची भीती गेली ती त्यामुळेच. पण अर्जाच्या रकान्यात ते मोजलं जाईलच असं नाही. एक तर ते प्रमाणपत्राआधीचं, दुसरं म्हणजे क्लासमधलं. पगार काही रोख, काही यूपीआयवर, नेमणुकीचं पत्र नाही, लेटरहेडवर अनुभवाचा दाखला मागितला तर मालक हसतील अशी परिस्थिती. बरेच परदेशी नोकरी देणारे शाळा-कॉलेजचा अनुभव धरतात, क्लासचा धरत नाहीत.

या ओळीमुळे भावाचा आणि आईचा, दोघांचाही हिशेब बदलतो. सेल्टाच्या प्रमाणपत्राला मुदत नाही, त्यामुळे ते आत्ता घेतलं काय आणि दोन वर्षांनी घेतलं काय, कागद तोच. पण प्रमाणपत्राच्या तारखेपासून एक घड्याळ सुरू होतं आणि मोजता येण्याजोगं शिकवलंत तरच ते पुढे सरकतं. आत्ता कोर्स करून पुन्हा त्याच क्लासमध्ये रोखीच्या बॅचेस घेत बसली असती, तर २०२५ मध्ये तिच्या हाती जुनं प्रमाणपत्र आणि कागदावर शून्य अनुभव असता. उलट ऑफर आल्यावर कोर्स करू म्हणाली असती, तर ती ऑफर आलीच नसती.

तेव्हा मी तिला सांगितलं की कोर्सचा महिना शोधू नकोस. कोर्सनंतर लगेच जिथे मोजलं जाईल असं शिकवायला मिळेल ती नोकरी शोध, आणि कोर्स तिच्या अलीकडे बसव.

पुण्यात अशी नोकरी म्हणजे तासिका तत्त्वावरची. सीएचबी (क्लॉक अवर बेसिस) म्हटलं की इथल्या प्रत्येक एम.ए.वाल्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो, तो तिच्याही आला. मानधन बेताचं, हातात कधी पडेल त्याचा नेम नाही, सुट्टीत काहीच नाही. नेट-सेट नसेल तर अनुदानित विभागात शिरकाव कठीण. पण विनाअनुदानित विभागांत, बीबीए-बीसीएला कम्युनिकेशन स्किल्स शिकवायला किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, माणसं लागतात. आणि कॉलेज नेमणुकीचं पत्र देतं, अनुभवाचा दाखला देतं. इथल्या प्राध्यापकीच्या वाटेवर सीएचबी म्हणजे पिळवणूक आहे, यात मला शंका नाही. बाहेर जाऊ पाहणाऱ्याला मात्र तोच दाखला उपयोगी पडतो. या नेमणुका जून-जुलैत होतात.

त्यामुळे कोर्स मेमध्ये. इतकं सोपं?

नव्हतं. एप्रिल-मे म्हणजे क्लासच्या व्हेकेशन बॅचेस. वर्षातली तिची सगळ्यात मोठी कमाई याच दोन महिन्यांची. सेल्टाची फी केंद्रागणिक वेगळी असते पण लाखाच्या वरच जाते, आणि पूर्णवेळ कोर्स करताना दुसरं काही करणं माणसाला शक्य नसतं. म्हणजे फी अधिक बुडालेली बॅच. डिसेंबरमध्ये केला असता तर बॅच बुडली नसती. क्लासही तेव्हा थंड असतो. पण डिसेंबरनंतर जूनपर्यंत हातात फक्त क्लासच होता. अर्धवेळ ऑनलाइन कोर्सचाही विचार झाला. त्याचे वर्ग संध्याकाळचे, तिच्या बॅचेसही संध्याकाळच्याच. तो आपोआप बाद झाला.

शेवटी मेच ठरला. बुडणाऱ्या बॅचचा आकडा तिने वहीत लिहिला, फीच्या खाली. मग भावाने निम्मी फी उसनी दिली. आईने स्थळांचं वर्षभर पुढे ढकललं. ते कसं ढकललं हे मी विचारलं नाही.

एजंट

मधल्या काळात तिला फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका ऑफिसातून फोन येऊ लागले. कोर्स आणि नोकरीची हमी, दोन्ही एकत्र, 'रजिस्ट्रेशन' आज केलं तर सवलत. देश कुठला विचारलं तर "गल्फ". माझा सल्ला दोन वाक्यांचा होता. परदेशी नोकरीवर पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो, आणि ते ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येतं. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. तिने पोर्टलवर नाव टाकलं, सापडलं नाही, फोन घेणं बंद केलं.

मुदत असलेले आणि नसलेले कागद

कोर्सपेक्षा कागदांनी जास्त वेळ खाल्ला आणि ते अपेक्षितच होतं. तिने विद्यापीठाकडून पदवी प्रमाणपत्र काढलेलंच नव्हतं, ना बी.ए.चं ना एम.ए.चं. हातात गुणपत्रिका आणि पासिंग सर्टिफिकेट. इथे नोकरी करताना त्यावर भागतं, त्यामुळे अर्धं पुणे त्यावरच जगतं. परदेशी कामासाठी मूळ पदवी लागते, आणि अपॉस्टिलचा शिक्का, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारने दिलेलं प्रमाण, त्या पदवीवर बसतो.

मग नावाचा घोळ. गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि स्वतंत्र रकान्यात आईचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव गाळलेलं, फक्त नाव आणि आडनाव. दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तिच्या नावात एक अक्षर जास्त, शेवटी दुहेरी 'ए'. आपल्याला वाचताना दोन्ही सारखंच वाटतं, पण साक्षांकन करणारा कारकून अक्षरं मोजतो. पासपोर्ट दहावीच्या दाखल्याप्रमाणे आणि पदवी वेगळ्या स्पेलिंगची, अशी गाठ होती. पदवीसाठी अर्ज करतानाच स्पेलिंगची दुरुस्ती मागायची असं ठरलं, कारण पदवी छापून आल्यावर ती बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. हे काम २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं आणि कोर्स, उन्हाळा, पहिलं सेमिस्टर सगळं ओलांडून पुढे चालू राहिलं.

पदव्यांना मुदत नसते, तेव्हा ते काम जितकं आधी सुरू कराल तितकं चांगलं. विद्यापीठाची पडताळणी, राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, या क्रमाने. ओमान हेग अपॉस्टिल करारात २०१२ पासून आहे, म्हणून तिथे अपॉस्टिल चालतं. अमिरातीसाठी मात्र वकिलातीचं साक्षांकन घ्यावं लागतं. पोलीस क्लिअरन्सचं उलटं आहे. पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत मिळतं, पण बहुतेक देश ते सहा महिन्यांच्या आतलं मागतात. आधी काढून ठेवलं तर पैसे फुकट. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षंच धरला जातो. तिने उत्साहात परीक्षेचा फॉर्म भरायला घेतला होता, तो थांबवला, एम.ए. इंग्रजी असताना कुणी मागितलं तर तेव्हा द्यायची. वैद्यकीय तपासणी तर अगदी शेवटी.

हे सगळं मी तिला एका कागदावर दोन रकान्यांत लिहून दिलं होतं. आईने तो फ्रिजवर लावला.

निवड आणि मे महिना

सेल्टाला पैसे भरले की प्रवेश, असं नसतं. आधी अर्ज, त्यासोबत एक लेखी काम, मग मुलाखत. त्या लेखी कामातला एक प्रश्न इथे मांडते, कारण आपल्याकडचे चांगले शिक्षक नेमके तिथेच अडखळतात. दोन वाक्यं: 'आय लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स' आणि 'आय हॅव लिव्ह्ड इन पुणे फॉर टेन इयर्स'. फरक विद्यार्थ्याला कसा समजावाल?

तिने पहिल्यांदा लिहिलं ते पाठ्यपुस्तकी होतं. पहिला साधा भूतकाळ, दुसरा पूर्ण वर्तमानकाळ, मग हॅव अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. बरोबरच होतं आणि निरुपयोगीही. मी विचारलं, "वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं हे तुला कसं कळणार?" ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "विचारीन, की ही बाई आता पुण्यात राहते का?" हाच तो प्रश्न. पहिल्या वाक्यासाठी उत्तर 'नाही', दुसऱ्यासाठी 'हो'. विद्यार्थ्याच्या तोंडून हे दोन शब्द बरोबर आले की कळलं म्हणायचं, सूत्र पाठ असो वा नसो. सेल्टात पहिल्या आठवड्यापासून याच सवयीसाठी मान पकडतात. आपल्या क्लासांत "समजलं का?" विचारतात आणि सगळे "हो" म्हणतात.

तिचा कोर्स ऑनलाइन पूर्णवेळ होता, कर्वेनगरच्या मागच्या खोलीतून. शिकवायला मिळालेले विद्यार्थी ब्राझील, तुर्कस्तान, कोलंबियातले, फुकट शिकायला आलेले. ऑनलाइन केला म्हणून प्रमाणपत्रावर तसा शेरा येत नाही. पण काही ठिकाणी मुलाखतीत विचारतात की समोरासमोरच्या वर्गात शिकवलंय का, आणि त्यासाठी पुढचं कॉलेज होतंच. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुणेकराला नव्याने सांगायला नको. तिचा एक परीक्षेचा तास गुरुवारी आला. भावाने आदल्या रात्री इन्व्हर्टर तपासला, दोन फोनचे हॉटस्पॉट तयार ठेवले आणि सकाळी घरून काम करतो म्हणून ऑफिसला कळवलं. तास पार पडला. असाइनमेंटपैकी एक पुन्हा लिहावी लागली. एकदा पुन्हा द्यायची सोय असते. जूनमध्ये निकाल: पास. त्याच्या वरच्या 'पास बी' आणि 'पास ए' या श्रेणी तिला मिळाल्या नाहीत, आणि त्याचं तिला वाईट वाटलं. बहुतेक नोकऱ्यांना साधा पास पुरतो.

नंतरची दोन वर्षं

जुलै २०२३ मध्ये एका कॉलेजच्या विनाअनुदानित विभागात सीएचबीवर लागली. संध्याकाळच्या दोन बॅचेस क्लासमध्ये चालू ठेवल्या, नाहीतर भावाची उसनवारी फिटली नसती. पहिल्या सत्राच्या अखेरीस तिने कॉलेजकडून दाखला घेतला आणि नंतर दर सत्राला घेत गेली. शेवटी एकदम मागायला गेलं की विभागप्रमुख बदललेले असतात.

फेब्रुवारी २०२५ पासून अर्ज सुरू केले, सप्टेंबरच्या सेमिस्टरसाठी. आखातातल्या कॉलेजांच्या भरतीला साधारण त्याच महिन्यांत वेग येतो. एका ठिकाणी मुलाखत झाली, प्रात्यक्षिक तास झाला, आणि मग उत्तर आलं की तासिका तत्त्वावरचा अनुभव ते अर्धवेळ धरतात. दोन वर्षांचं एकच वर्ष झालं. जाहिरातीत हे लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर थायलंडमधल्या एका शाळेने बोलावलं. तिकडचं वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि दुसरं सत्र नोव्हेंबरच्या सुमारास, त्यामुळे ते ताबडतोब या म्हणत होते. तीन दिवस घरात तेवढा एकच विषय. शाळेतली मुलं नकोत असं म्हणणारी ती, आता थकून "जाऊ का?" म्हणू लागली होती.

माझं मत होतं, जाऊ नकोस. थायलंड वाईट आहे म्हणून मी तसं म्हटलं नाही; तिथे शिक्षक परिषदेच्या तात्पुरत्या परवान्यावर काम करत पुढे सरकलेले भारतीय आहेत. पण तिचं घड्याळ कॉलेज पातळीच्या पूर्णवेळ अनुभवासाठी अडलं होतं आणि थायलंडची शाळा ते पुढे सरकवणार नव्हती. निर्णय तिचा होता. तिने एका इंजिनीअरिंग कॉलेजात करारावर पूर्णवेळ जागा शोधली, पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवायची. पगार सीएचबीपेक्षा बरा, तास जास्त, क्लास सोडावा लागला. आज्यांची बॅच तेवढी तिने रविवारी घरी सुरू ठेवली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ओमानमधून पत्र आलं, जानेवारीच्या अखेरीस सुरू होणाऱ्या सेमिस्टरसाठी, एका मनुष्यबळ कंपनीमार्फत, एका वर्षाच्या करारावर. यावेळी पूर्णवेळाचे काही महिने आणि आधीचं सीएचबी मिळून त्यांनी धरलं. पदव्यांवर अपॉस्टिल आधीच झालेलं होतं, त्यामुळे तिकडून कागद मागितल्यावर तिने दुसऱ्या दिवशी पाठवले. पोलीस क्लिअरन्ससाठी मुंढव्याच्या केंद्रात तारीख घेतली ती पत्र हातात आल्यावर, आधी नाही.

आता तिला पुढचं विचारायचं आहे: ओमानला गेल्यावर लगेच डेल्टाला सुरुवात करू का? डेल्टा ही केंब्रिजचीच वरची पायरी, तीन भागांत, भाग कुठल्याही क्रमाने करता येतात. मी सध्या तरी नको म्हटलंय. करार एका वर्षाचा आहे. तो वाढला आणि तिला कॉलेजातच राहायचं असेल तर डेल्टा. परत यायचं असेल किंवा शाळेकडे वळावंसं वाटलं तर आईचं जुनं बी.एड. पुन्हा पुढ्यात येईल. पहिलं सेमिस्टर मेच्या सुमारास संपेल, तेव्हा सुट्टीत ती पुण्यात असेल. तोपर्यंत दोन्हींच्या फीचे आकडे आणि प्रवेशाच्या तारखा काढून ठेवायला सांगितल्या आहेत.